धाकटीने लिहिलेल्या बायका

माझ्या धाकट्या जावेने आयुष्यात कुणाला इंजेक्शन दिलेलं नाही. रक्त दिसलं की ती मटकन खाली बसते. भाजी चिरताना बोट कापलं तर ते बोट दुसऱ्या हातात धरून माझ्याकडे वर येते, जणू शेजारणीचं बोट पोचवायला आली आहे. आणि गेल्या महिन्यात शहराच्या ग्रंथालयाने तिचा सत्कार केला तो कशासाठी, तर आरोग्यसेवेतल्या स्त्रियांना त्यांचं स्थान मिळवून दिल्याबद्दल. उभं आयुष्य वॉर्डात काढलेली मी, पायाच्या शिरा फुगवून घेतलेली, पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. स्टेजवर फुलं घेऊन उभी होती ती टायपिस्ट.

होय, माझ्या पोटात दुखतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी ते शोधून काढल्याचा आव आणायला नको.

आम्ही एकाच इमारतीत राहतो. ती खाली, आम्ही वर. दीर जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, म्हणून तिच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते. लग्न होऊन आली त्या दिवशी तिला जी ‘धाकटी’ म्हणायला लागले ती आता तिचे केस माझ्यापेक्षा पांढरे झाले तरी धाकटीच आहे. ती मला वहिनी म्हणते, कारण दीर म्हणायचे. तिने नोकरी केली मेडिकल कॉलेजच्या ऑफिसात. डॉक्टरांचे निबंध, बदल्यांचे हुकूम, रजेचे अर्ज, सगळं तिच्या बोटांखालून गेलं. टाइप करताना ती कागदाकडे बघायची, बोटांकडे कधीच नाही. मला तेव्हापासूनच ते खटकायचं. माणसाने आपल्या हाताकडे बघून काम करावं.

निवृत्त झाल्यावर एका दुपारी ती ग्रंथालयातल्या कसल्याशा कार्यशाळेला गेली. उकाडा होता आणि तिथे एसी होता, एवढंच कारण. परत आली ती अंगात आल्यासारखी. इंटरनेटवर एक ज्ञानकोश आहे म्हणे, कुणीही उठावं आणि त्यात लिहावं. त्यात डॉक्टर पुरुषांची पानंच्या पानं, एकेकाच्या लहानपणीच्या शाळेपर्यंत. आणि बायका? दवाखाने काढलेल्या, साथीत राबलेल्या, नर्सिंगच्या शाळा चालवलेल्या बायकांची नावं कुठे तरी ओझरती येतात, तीही लाल अक्षरात. लाल म्हणजे या नावाचं पान अजून नाही. कुणी पान लिहिलं की नाव निळं होतं.

“म्हणजे तू लाल नावं निळी करणार?” मी विचारलं.

“हो,” ती म्हणाली.

“आणि पैसे?”

“पैसे नाहीत, वहिनी.”

“मग वेड लागलंय तुला,” मी म्हटलं आणि विषय संपवला. म्हणजे मला वाटलं, संपला.

सकाळी आंघोळ उरकली की ती जेवायच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडायची. एक चष्मा डोळ्यांवर, एक डोक्यावर. दुपारी ग्रंथालयाच्या तळघरात जाऊन जुन्या वर्तमानपत्रांचे बांधलेले गठ्ठे चाळायची आणि नाकाच्या शेंड्यावर धूळ घेऊन परत यायची. एक वाक्य लिहायचं तर त्याला पुरावा हवा, छापलेला, आणि तोही तिऱ्हाईत माणसाने छापलेला. सायकलवरून बाळंतपणं करत फिरणारी एक सुईण होती, तिचं लग्न कोणत्या साली झालं हे सापडेना म्हणून धाकटीला जेवण गोड लागेना. मी म्हटलं, “अगं, ती तरी ते लक्षात ठेवून होती का?”

पूर्वी चार वाजता ती चहाला वर यायची. आम्ही दोघी बाल्कनीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं ठेवायचो. आमचा तेवढाच विरंगुळा. आता पाच वाजायचे, साडेपाच वाजायचे, चहा पुन्हा गरम करावा लागायचा, आणि आली की ती बोलणार कुणाबद्दल? “आज दंतवैद्यबाई सापडल्या, वहिनी! काय बाई होती!” रक्तपेढीवाली बाई अशी, कुष्ठरोग्यांची बाई तशी. शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या बायका माझ्या बाल्कनीत येऊन बसायच्या आणि माझा चहा प्यायच्या. एका जिवंत सिस्टरने इथे पाठ मोडेपर्यंत ड्यूट्या केल्या, तिला कुणी विचारत नव्हतं.

आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, “तू मेल्याशिवाय तुझा नंबर लागणार नाही.” त्यांना सगळ्याची चेष्टा सुचते.

पण मनात ते होतंच. मी वाट बघत होते. एकदा मीच विषय काढला. सहज काढल्यासारखा काढला, पण धाकटी काही कच्च्या गुरूची चेली नाही.

“तुमचं पान मला नाही लिहिता येणार,” ती म्हणाली. “आपल्या माणसाबद्दल लिहायचं नाही, असा नियम आहे. आणि बाहेर कुठे छापून आलेलंही काही नाही.”

“म्हणजे तुझी जाऊ असणं हा माझा गुन्हा?”

“तिथे तरी आहे,” ती म्हणाली, आणि बिस्कीट चहात बुडवलं. इतक्या शांतपणे की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

हेही मी गिळलं. गिळता आलं नाही ते लांबीचं पान.

लांबी माझ्या बरोबरीची. नर्सिंगला एका खोलीत राहिलो. ताडासारखी उंच, म्हणून लांबी. वरच्या कपाटातलं काही हवं असलं की सगळ्या तिलाच हाक मारायच्या. मी तिच्याआधी कामाला लागले, परीक्षेत तिच्यापुढे होते, सलाईनची सुई माझ्यासारखी दुसऱ्या कुणाला लावता यायची नाही, आणि मेट्रन कोण झाली? लांबी. हॉस्पिटलच्या जिन्यात फोटो कुणाचा? लांबीचा. दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा मी रडले. खोटं कशाला सांगू, मनापासून रडले. पण फोटोला हार घालताना मला स्टुलावर चढावं लागलं, तेव्हाही मनात आलंच, मेल्यावरसुद्धा ही वरच.

तर एका सकाळी खाली गेले आणि धाकटीच्या पडद्यावर लांबीचं नाव बघितलं. निळं.

“हे काय?”

“पान पूर्ण झालं काल,” धाकटी म्हणाली. “वाचता?”

मी वाचलं. जन्म, शिक्षण, नोकरी. आणि मग ते वाक्य: ‘मुलांच्या वॉर्डाचे दार आजारी मुलांच्या आयांसाठी सर्वप्रथम त्यांनी उघडले.’

आता हे दाराचं काय ते सांगायला हवं. आमच्या काळी मुलांच्या वॉर्डात आईला थांबू देत नसत. संध्याकाळी एक तास भेट, मग घंटा, मग आया बाहेर. बऱ्याच जणी घरी जायच्याच नाहीत, पायऱ्यांवर बसून राहायच्या. आत मूल रडतंय ते बाहेर ऐकू यायचं. आम्हाला शिकवलंच तसं होतं: आई दिसली की मूल जास्त रडतं, जंतू येतात, कामात अडथळा होतो. मोठे डॉक्टर या बाबतीत फार कडक होते.

धाकटीला एक मुलगी होती. इतकीशी, चुरुचुरु चालायची, म्हणून तिला मुंगी म्हणायचो. चार वर्षांची होती तेव्हा मेंदूज्वर झाला. माझ्याच वॉर्डात आणली. संध्याकाळी घंटा झाली, धाकटी इतरांबरोबर बाहेर गेली आणि पायऱ्यांवर बसली. दीर बाहेरगावी होते. ड्यूटी माझी होती. मुलगी काही जगत नाही हे मला दिसत होतं, ते समजण्याइतकं काम मी तोवर केलेलं होतं. मी मागचं दार उघडलं, धाकटीला दंडाला धरून आत घेतलं आणि मुंगीच्या खाटेशी बसवलं. नियम मोडला. नोकरी गेली असती. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मोडीन.

सकाळी लांबी ड्यूटीवर आली. तिने धाकटीला बघितलं, मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता तक्रार करणार. ती म्हणाली, “एकीला आत घेतलंस. बाकीच्यांना आता कुठल्या तोंडाने बाहेर बसवायचं?” आणि तरातरा मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. आत काय बोलणं झालं ते आजतागायत कुणाला माहीत नाही, पण दुपारी तिने पुढची दोन्ही दारं उघडली आणि पायऱ्यांवरच्या सगळ्या आयांना आत घेतलं. त्याबद्दल तिची बदली झाली, परत यायला तिला पुष्कळ वर्षं लागली. मेट्रन झाल्यावर पहिलं काम तिने केलं ते हे, की नियमच बदलला. पुढे दुसऱ्या हॉस्पिटलांतली माणसं ते बघायला यायची.

मुंगी त्याच दुपारी गेली.

त्यानंतर घरात मुंगीचं नाव कुणी काढलं नाही. धाकटीने काढलं नाही म्हणून आम्ही काढलं नाही. तिचा फ्रॉक नाही, फोटो नाही, काही नाही. धाकटी तेराव्या दिवसानंतर कामाला लागली आणि दोन्ही हातांनी टाइप करत राहिली.

एवढं सगळं असताना माझ्या समोरच्या पडद्यावर लिहिलेलं होतं, ‘सर्वप्रथम त्यांनी.’

“दार कुणी उघडलं?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

“तुम्ही.”

“मग हे काय लिहिलंयस?”

“हॉस्पिटलच्या अंकात त्यांच्यावर लेख आला होता, त्यात असं छापलंय. जे छापलंय ते लिहायचं असतं, वहिनी.”

“अगं, तू स्वतः होतीस ना तिथे! तुला माहीत नाही?”

“माहीत आहे. पण मला माहीत असणं तिथे चालत नाही.”

मी दार आपटून वर आले. आमच्या ह्यांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, काही नाही, लांबी पुन्हा माझ्या पुढे गेली.

दोन दिवस मी धुमसत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटी ग्रंथालयात गेली होती. तिचा गॅस बंद आहे का ते बघायला मी खाली गेले. गॅस बंदच होता. कॉम्प्युटर चालू होता, पडद्यावर लांबीचं पान, आणि कोपऱ्यात शब्द: ‘संपादन करा’. कुणीही उठावं आणि लिहावं, असं धाकटीच म्हणाली होती ना? मी बसले. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, लिहिलं: ‘हे खरे नाही. दार हिने उघडले नाही. दार वॉर्डाच्या थोरल्या सिस्टरने उघडले. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.’ आणि ‘जतन करा’वर दाबलं. मग धाकटीच्या बेसिनमधले कपसुद्धा विसळून ठेवले, इतकं मला प्रसन्न वाटत होतं.

मला काय ठाऊक, की त्या ज्ञानकोशात कोण काय लिहितं त्याची नोंद राहते, आणि कॉम्प्युटर धाकटीच्या खात्यावर उघडा होता म्हणून माझं लिहिणं धाकटीच्या नावावर जाणार! तिथे एक ‘घुबड’ नावाचा संपादक आहे. खरं नाव, गाव, बाई की बुवा, कुणालाच माहीत नाही. लोकांच्या चुका काढत बसणं हाच त्याचा उद्योग. धाकटी परत येईपर्यंत घुबडाने माझी वाक्यं उडवली होती आणि खाली लिहिलं होतं: ‘आपणच चार दिवसांपूर्वी लिहिलेले आपणच आज खोटे म्हणता. दोन्हींना स्वतंत्र संदर्भ नाही. संस्थेचा स्वतःचा अंक हा तिऱ्हाईत पुरावा होत नाही. सदर पान वगळावे का, यावर चर्चा सुरू करत आहे.’ मुदत एक आठवडा.

धाकटीने मला खाली बोलावलं. ती आधी माझं लिहिलेलं वाचत होती. “ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे,” ती मोठ्याने म्हणाली आणि फस्सकन हसली. मग घुबडाचं वाचलं आणि तिचा चेहरा पडला.

“माझं एकही पान आजवर वगळलं गेलेलं नाही,” ती म्हणाली. एवढंच. मला बोलली असती तर बरं झालं असतं, मी उलट बोलले असते.

मला वाईट वाटलं का? धाकटीबद्दल वाटलं. पण लांबीचं पान जाणार म्हणून आतून उकळ्या फुटत होत्या, हेही तितकंच खरं. वर येऊन मी दोन घास जास्त जेवले.

ती मात्र रोज तळघरात जाऊन बसायला लागली. दार उघडलं त्या वर्षाचे सगळे गठ्ठे तिने उलटे केले. वर्तमानपत्रांना तेव्हा लांबीचं काय पडलं होतं? कुणी तरी मंत्री हॉस्पिटलात येऊन फळं वाटून गेला, ते होतं, फळांच्या फोटोसकट. धाकटी जेवेना. डोळे लाल. मी डबा घेऊन खाली गेले तर म्हणाली, “ठेवा तिथे.”

“लांबीचं तुला एवढं काय पडलंय?” मी शेवटी विचारलं. “तुझी ती कोण?”

तिने डबा बाजूला सरकवला. मग म्हणाली, “वहिनी, एक कराल? सत्काराची बातमी वाचून एक पत्रकार मुलगी परवा माझी मुलाखत घ्यायला येतेय. तिला तुम्ही लांबी सिस्टरांबद्दल सांगा. तुम्ही बरोबर काम केलंय. तुम्ही सांगितलेलं तिच्या पेपरात छापून आलं की तो पुरावा होतो.”

“आणि तेच मी तुला सांगितलं तर?”

“तर त्या गप्पा होतात.”

“म्हणजे तुझ्यासमोर बोलले तर मी म्हातारी, आणि पेपरात बोलले तर ज्ञान!”

“तसंच काहीसं,” धाकटी म्हणाली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “दार कुणी उघडलं ते तुम्हाला जसं वाटेल तसं सांगा.”

मी वर आले आणि त्या दिवशी माझं कशात लक्ष लागेना. आतापर्यंत दाराची गोष्ट मी आमच्या ह्यांना सांगत आले, भाजीवालीला सांगत आले. आता छापून येणार होतं, घुबडाच्या नाकावर टिच्चून. लांबीच्या पानावर माझं नाव. ‘सर्वप्रथम’ या शब्दाच्या शेजारी मी. मी इस्त्रीची साडी काढली. आमचे हे म्हणाले, “मुलाखत धाकटीची आहे ना?” मी म्हटलं, “तुम्ही पेपर वाचा.”

पत्रकार मुलगी वयाने लहान, बोलायला चुणचुणीत. धाकटीच्या टेबलावर तिने फोन आमच्याकडे तोंड करून ठेवला, म्हणजे आमचं बोलणं त्यात भरलं जाणार. आधी धाकटीशी बोलली. मग माझ्याकडे वळली. मी लांबीबद्दल सांगितलं. खरं तेच सांगितलं: कामाला वाघ होती, कुणाला घाबरायची नाही, मोठ्या डॉक्टरांसमोर मान वर करून बोलणारी ती एकटीच. सांगता सांगता मला तिची आठवण यायला लागली, हे आणखी एक. माझ्याशी भांडायला आता आहेच कोण?

“आणि ते दार?” पत्रकार मुलीने विचारलं. “पहिल्यांदा कुणी उघडलं?”

मी तोंड उघडलं. ‘मी’ एवढंच म्हणायचं होतं. आयुष्यभर तेच तर म्हणत आले होते. पण मुलगी हुशार होती, पुढचा प्रश्न तिच्या ओठांवर दिसतच होता: का उघडलंत? कुणासाठी? आणि मग मला म्हणावं लागलं असतं, हिच्या मुलीसाठी. माझ्या समोर धाकटी बसली होती. तिची बोटं टेबलावर पडली होती, अगदी स्थिर. त्या बोटांना स्थिर मी क्वचितच बघितलं होतं. जे नाव त्या घरात कुणी काढलं नव्हतं, ते मी एका परक्या पोरीच्या फोनात कसं भरू? तेही कशासाठी, तर लांबीच्या नाकावर टिच्चून एका ओळीत घुसायला?

“लांबीनं,” मी म्हटलं. “तिनंच उघडलं.”

पत्रकार मुलीने मान डोलावली.

“खोटं सांगतायत त्या,” धाकटी म्हणाली.

आम्ही दोघी तिच्याकडे बघायला लागलो.

“दार वहिनींनी उघडलं,” ती म्हणाली. “माझ्यासाठी. माझी मुलगी आत होती. मुंगी म्हणायचो आम्ही तिला. वहिनींनी मला आत बसवलं. मी तिची वेणी घातली. ताप होता तरी ती मान सरळ धरून बसली होती, वेणी वाकडी होईल म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मी तिला घेऊन बाहेर येत होते आणि लांबी सिस्टरनी उघडलेल्या दारातून बाकीच्या आया आत येत होत्या. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सगळ्या आपापल्या पोरांकडे धावत होत्या. मला ते बरं वाटलं. त्या दिवशी तेवढंच बरं वाटलं. म्हणून लांबी सिस्टरांचं पान मला हवं आहे. दार वहिनींनी उघडलं, लांबी सिस्टरनी ते परत लागू दिलं नाही. दोन्ही लिहा.”

पत्रकार मुलगी रडायला लागली. धाकटी उठून तिला पाणी द्यायला गेली. मी जागची हलले नाही.

मला काय वाटलं ते लिहिते, कुणाला आवडो न आवडो. मला त्या पत्रकार पोरीचा हेवा वाटला. वेणीचं मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका इमारतीत, एका चहाला बसलो, दुखलंखुपलं सगळं सांगितलं, आणि मुंगीच्या वेणीबद्दल मला अवाक्षर नाही. ही पोर आली, टेबलावर फोन ठेवला, आणि धाकटीने तिच्या ओंजळीत सगळं ओतलं. मी त्या वॉर्डात होते! दर फेरीला त्या खाटेजवळून जात होते! मान मुद्दाम दुसरीकडे वळवत होते, त्या दोघींना एकटं सोडायला. आणि काय झालं ते मला परक्या मुलीबरोबर ऐकावं लागलं, पाहुण्यासारखं.

मी वर निघून आले. आमच्या ह्यांनी विचारलं, “आलं का तुझं नाव?” मी म्हटलं, “आलं,” आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

रविवारी छापून आलं. लांबीचा फोटो वर, माझा खाली, तोही धाकटीच्या टेबलाशी डोळे मिटलेला. पण नाव पूर्ण होतं, आणि दाराची हकीकत दोघींचा वाटा सांगून नीट लिहिली होती. वेणीसुद्धा होती. धाकटीने ते कात्रण घुबडासमोर ठेवलं आणि खाली लिहिलं, की या पानाशी माझा घरचा आणि जवळचा संबंध आहे, तो मी आधीच सांगायला हवा होता, यापुढे मी या पानाला हात लावणार नाही, कात्रण बघून इतरांनी काय ते ठरवावं. मेहनतीने उभं केलेलं पान तिने असं सोडून दिलं, कुणी न सांगता.

पान राहिलं. कुणी कुणी येऊन ‘ठेवावे’ म्हणून मत दिलं. आणि दाराचं वाक्य घुबडाने स्वतः नवं लिहिलं. धाकटीने मला ते वाचून दाखवायला खाली बोलावलं: ‘एका सहकारी परिचारिकेने नियम मोडून एका आईला वॉर्डात प्रवेश दिल्यानंतर, त्यांनी हे दार सर्व आयांसाठी खुले केले.’

“एका सहकारी परिचारिकेने?” मी म्हटलं. “पेपरात माझं नाव छापलंय ना! पत्त्यासकट छापायचंच बाकी ठेवलंय! मग याला काय धाड भरली होती?”

“पान लांबी सिस्टरांचं आहे, म्हणून वगळलं असेल.”

“तू घाल.”

“मला नाही घालता येणार, वहिनी. मी हात काढून घेतलाय.”

“एवढंसं नाव!”

“नाही.”

ओरडायला मी तोंड उघडलं होतं. लांबी जिन्यात वर, पानात वर, पेपरात वर, आणि मी ‘एक सहकारी’. पण धाकटी पडद्याकडे बघत होती, आणि ती बघत होती ते माझ्याबद्दलचे शब्द नव्हतेच. ‘एका आईला’ यावर तिचं बोट होतं. नाव तिचंही नव्हतं. मी बघितलं आणि माझा राग कुठे ठेवू ते मला कळेना. मी खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसले.

“त्या पोरीला सांगितलंस ते मला सांग,” मी म्हटलं. “आणि पेपरात आलं नाही तेही सांग. मला जास्त सांग.”

धाकटीने दोन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले. मग म्हणाली, “तिला वाटायचं, दवाखाना तुमचाच आहे.”

“कुणाला?”

“मुंगीला. पांढरे कपडे घालून सगळीकडे तुम्हीच फिरताय, सगळे तुम्हालाच हाका मारतायत. मी आत येऊन बसले तर मला म्हणाली, ‘आई, हा मोठीआईचा दवाखाना आहे ना? म्हणून तुला आत घेतलं.’ मी हो म्हटलं. मग शेजारच्या खाटेवरच्या मुलाला ती सांगत होती, ‘तुझी आई पण येईल. मी मोठीआईला सांगते.’ तुम्ही फेरीला आलात की ती तुमच्याकडे टक लावून बघायची. तुम्ही बघत नव्हतात.”

बाहेर रस्त्यावरून कुणी तरी सायकलची घंटा वाजवत गेलं. धाकटीने माझ्या हातावर हात ठेवला नाही, आमच्यात तशी पद्धत नाही.

“हे त्या पोरीला सांगितलं होतंस?” मी शेवटी विचारलं.

“नाही.”

“लांबीला? कधी भेटली असेल, बोलता बोलता?”

“नाही, वहिनी. कुणालाच नाही.”

“बरं केलंस,” मी म्हटलं.